'कारण' नावाचा रकाना

आमच्या लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये अगदी उजव्या टोकाला एक रकाना आहे: सिझरचं कारण. रुंदी जेमतेम दोन बोटं. तेवढ्यात मावेल तेच कारण. त्यामुळे वर्षानुवर्षं तिथे तीनच गोष्टी आलटून पालटून दिसतात. 'प्रगती नाही', 'ठोके कमी' आणि 'आधीचं सिझर'. अक्षर बदलतं, शाई बदलते, कारणं तीच.

यातली बरीच पानं माझ्या अक्षरातली आहेत. एकोणीस वर्षं मी बाळंतपणं करते आहे आणि हा रकाना भरताना मला कधी विचार करावा लागला नाही. ऑपरेशन झालेलं असतं, बाळ रडलेलं असतं, पुढची बाई टेबलावर येणार असते. सिस्टर पेन पुढे करतात, आपण दोन शब्द खरडतो.

खटका उडाला तो एका मासिक मीटिंगमध्ये. प्रशासकांनी पडद्यावर एक आलेख लावला. प्रत्येक डॉक्टरच्या नावापुढे त्याच्या सिझरची टक्केवारी, चढती भाजणी. माझं नाव वरून दुसरं. मी लगेच म्हणाले, "माझ्याकडे अवघड केसेस येतात." माझ्याही वर ज्यांचं नाव होतं ते माझ्याआधीच हे सांगून मोकळे झाले होते. तळाशी असलेल्या डॉक्टरांनीसुद्धा नंतर तेच सांगितलं. लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर कोपऱ्यात बसून मीटिंगची टिपणं घेत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सगळ्यांकडे अवघडच येतात, तर सोप्या बायका जातात कुठं?"

कुणी हसलं नाही. मला मात्र ते वाक्य घरापर्यंत पुरलं.

टक्केवारीचा हा खेळ जुना आहे. १९८५ साली ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात जागतिक आरोग्य संघटनेची एक बैठक झाली. कुठल्याही प्रदेशात सिझरचं प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या वर असण्याचं समर्थन करता येत नाही, असं त्या बैठकीतून निघालं. 'प्रदेशात' हा शब्द वाटेत कुठेतरी गळला आणि १५ टक्के हा प्रत्येक हॉस्पिटलच्या पाठीवर मारायचा आसूड झाला. ज्या हॉस्पिटलकडे आजूबाजूच्या सगळ्या छोट्या दवाखान्यांतून अडलेल्या बाया पाठवल्या जातात, त्याचा आकडा आणि जिथे फक्त धडधाकट बाया जातात त्याचा आकडा एका तागडीत घालून काय कळणार? २०१५ मध्ये संघटनेनंच एका निवेदनात हे नीट सांगितलं. लोकसंख्येच्या पातळीवर सिझर १० टक्क्यांच्या वर गेलं म्हणून आई-बाळांचे मृत्यू आणखी घटतात असं दिसत नाही; पण अमुक एक आकडा गाठण्यापेक्षा, जिला गरज आहे तिला सिझर मिळालं पाहिजे. जगाचा आकडा आता २१ टक्क्यांच्या घरात आहे. लॅटिन अमेरिकेत ४० च्या वर, आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला जेमतेम ५. एकीकडे नको असताना पोटं कापली जातात, दुसरीकडे हवं असताना सुरी मिळत नाही म्हणून बायका मरतात. सरासरी काढली तर दोन्ही दुखणी झाकली जातात.

मग हॉस्पिटलनं स्वतःचा आकडा तपासायचा तरी कसा? त्याच निवेदनात त्याचं उत्तर होतं आणि मी ते त्याआधी दोनदा वाचून विसरले होते: रॉबसन वर्गीकरण. मायकेल रॉबसन हे डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ. त्यांनी २००१ साली एक साधी गोष्ट केली. सिझर का केलं हे विचारणंच सोडून दिलं. कारण हे डॉक्टरच्या डोक्यात असतं, पुष्कळदा ते निर्णयानंतर तयार होतं. त्यांनी विचारलं, बाई कोण होती? पहिलटकरीण की आधी बाळंत झालेली? आधी सिझर झालंय का? कळा आपोआप आल्या, औषधानं आणल्या की कळांच्या आधीच ऑपरेशन झालं? बाळ एक की जुळी? महिने भरलेत का? डोकं खाली, पायाळू की आडवं? या प्रश्नांची उत्तरं वॉर्डातली कुणीही देऊ शकते आणि त्यात मत चालत नाही. त्या उत्तरांवरून प्रत्येक बाई दहापैकी एकाच गटात बसते. बाळंत झालेली प्रत्येक बाई, सिझर झालेलीच नव्हे.

इन्चार्ज सिस्टर आणि मी, आम्ही दोघींनी शनिवारच्या दुपारी फायली घेऊन बसायचं ठरवलं. एक वर्षाच्या फायली. वाटलं होतं दोन शनिवारांत उरकेल. सहा गेले.

पहिला फटका नवव्या गटानं दिला. नववा गट म्हणजे आडवं मूल. आडवं मूल आडवंच राहिलं तर ते खालून जन्माला येत नाही, म्हणून या गटात सिझर १०० टक्के असायलाच हवं. आमच्या मोजणीत दोघी नॉर्मल बाळंत झालेल्या निघाल्या. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चमत्कारच की हा. आपण पेपरात देऊ." चमत्कार असा होता, की सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर 'आडवं' लिहिलेलं होतं आणि भरती करताना कुणीतरी ते तसंच्या तसं उतरवून काढलं. बाळ केव्हाच फिरून डोक्यावर आलेलं. ज्याला हे वर्गीकरण करून पाहायचं असेल त्यानं आधी नववा गट उघडावा. तिथे १०० नसेल तर आपला कागद खोटं बोलतोय, पुढचे आकडे मांडायच्या आधी तो दुरुस्त करावा. आम्ही केला. एक आख्खा शनिवार त्यात गेला.

दुसरं भांडण जरा खोल होतं. पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं असताना भरती झालेली पहिलटकरीण. पोटात अधूनमधून दुखतंय. तिला रात्री ड्रिप लावली. आता ही ड्रिप कळा वाढवायला की कळा आणायला? कळा आपोआप सुरू झाल्या होत्या असं म्हटलं तर ती पहिल्या गटात जाते. अजून खऱ्या कळा नव्हत्याच, आपण आणल्या, असं म्हटलं तर दुसऱ्या. मी म्हणायचे पहिला, सिस्टर म्हणायच्या दुसरा. एकेका फायलीवर वीस वीस मिनिटं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ती बाई रात्री जेवून, झोपून सकाळी परत आली असती तरी चाललं असतं ना? मग कळा कोणाच्या?"

मी ती फाईल दुसऱ्या गटात टाकली. त्यानंतरच्या बऱ्याच फायलीही.

सगळं मांडून झाल्यावर जे चित्र दिसलं ते पाठ्यपुस्तकातल्यासारखंच होतं, म्हणजे त्यात आमचं वेगळेपण काही नव्हतं. एकूण सिझरमध्ये सगळ्यात मोठा वाटा पाचव्या गटाचा: आधी सिझर झालेल्या, महिने भरलेल्या, एकच बाळ, डोकं खाली. माझ्या 'अवघड केसेस', म्हणजे जुळी, पायाळू, आडवी, अपुऱ्या दिवसांची, या सगळ्या मिळून चिमूटभर. त्या सगळ्यांची सिझर मी टाळली असती, जे मूर्खपणाचं झालं असतं, तरी माझा आकडा फारसा हलला नसता. आणि पाचव्याखालोखाल कोण? पहिला आणि दुसरा गट. पहिलटकरणी, महिने भरलेल्या, डोकं खाली, एक बाळ. सोप्या बायका. सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: सोप्या बायका माझ्याच टेबलावर जात होत्या.

मग आम्ही फक्त त्या फायली वेगळ्या काढल्या आणि वेळा बघत गेलो. एक फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. भरती रात्री ९.४०, पिशवीचं तोंड २ सेंटिमीटर. १२ वाजता ड्रिप. अडीच वाजता पाणी फोडलं. ५ वाजता ४ सेंटिमीटर. ६.५० ला परत ४. सव्वासातला निर्णय. कारण: प्रगती नाही. माझं अक्षर, माझी सही. आमची पाळी आठला बदलते.

बाळाचे ठोके पूर्ण वेळ चांगले होते. आई थकलेली होती, पण ताप नाही, पाणी स्वच्छ. ही बाई मला आठवत नाही. चेहरा, आवाज, तिच्यासोबत कोण होतं, काही नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तेच खरं आहे.

त्या वेळी मी चुकले असं मला कुणीही म्हटलं नसतं. मी शिकले ते असं: ४ सेंटिमीटर झालं की खरी प्रसूती सुरू, पुढे तासाला साधारण एक सेंटिमीटर, दोन तास हललं नाही तर काहीतरी बिघडलंय. या शिकवणीचं मूळ १९५५ सालात आहे. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलातल्या ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख काढला. काम मोलाचं होतं, तोवर कुणी मोजलंच नव्हतं. पण त्या बायकांना गुंगीची औषधं मिळत होती आणि निम्म्याहून जास्त बाळं चिमट्यानं काढलेली होती. २०१० मध्ये झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९ हॉस्पिटलांतल्या ६२,४१५ बायकांच्या नोंदी तपासल्या. सगळ्या आपोआप कळा येऊन खालून बाळंत झालेल्या, बाळं ठणठणीत. त्यांत ४ वरून ५ व्हायला सहा तासांहून जास्त आणि ५ वरून ६ व्हायला तीन तासांहून जास्त लागलेल्याही होत्या. आणि तरी त्या नॉर्मल. वेग खऱ्या अर्थानं वाढतो तो ६ नंतर. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनी त्यावरून नियमच बदलले: ६ सेंटिमीटरच्या आत 'प्रगती नाही' म्हणून सिझर करू नये, ६ च्या पुढे, पाणी गेलेलं असताना, चांगल्या कळा असूनही चार तास किंवा ड्रिप देऊन पुरेशा कळा येत नसतील तर सहा तास काहीच हललं नाही, तरच प्रसूती थांबली म्हणावं. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून खरी प्रसूती ५ सेंटिमीटरपासून धरते आणि तासाला एक सेंटिमीटर ही अपेक्षा अवास्तव असल्याचं स्पष्ट म्हणते.

माझ्या त्या ९.४० च्या बाईला मी दोन तासांत, चारवरच, नापास केलं होतं. परीक्षा सुरू व्हायच्या आधी.

खरा धक्का पुढच्या फायलीनं दिला. त्याच बाईची, दोन वर्षांनंतरची. कारणाच्या रकान्यात, पुन्हा माझ्याच अक्षरात: 'आधीचं सिझर'. रॉबसनचा पाचवा गट म्हणजे आभाळातून पडलेल्या बाया नव्हेत. पहिल्या-दुसऱ्या गटात आपण काय केलं त्याची ती जमा आहे. दुसऱ्या वेळच्या रकान्यात खरं तर 'सव्वासात' असं लिहायला हवं होतं.

लोक विचारतात, बाळ आणि आई सुखरूप आहेत ना, मग एवढं काय? पहिल्या सिझरचा हिशेब पहिल्या सिझरला होत नाही. पुढच्या गरोदरपणी वार खाली, पिशवीच्या तोंडाशी, जुन्या टाक्यावर रुजली तर ती आत घुसू शकते, सुटत नाही. वार खाली आलेल्या बायकांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००६ मध्ये आला. अशी चिकटलेली वार पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के बायकांत सापडली, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४०, चौथ्याच्या वेळी ६१. मी अशा चार शस्त्रक्रियांत उभी राहिले आहे. रक्त टेबलावरून माझ्या पायांवर येतं आणि भूलतज्ज्ञ अचानक बोलायचे थांबतात. त्या शांततेत पिशवी काढायचा निर्णय घ्यायचा असतो.

असो. नंतर काय केलं ते सांगते, कारण मैत्रिणी तेच विचारतात. सगळं जमलं असं नाही.

सगळ्यात फरक पाडणारी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी निघाली: दोन-तीन सेंटिमीटरला भरती न करणं. तपासायचं, ठोके ऐकायचे, आई-बाळ ठीक असतील तर समजावून घरी किंवा बाहेरच्या खोलीत पाठवायचं, फिरू द्यायचं, दोन-चार तासांनी परत बघायचं. बाई एकदा लेबर रूमच्या खाटेवर चढली की प्रत्येकाच्या हाताला काहीतरी करावंसं वाटतं. ड्रिप दिसते, लावली जाते. सुरुवातीला नातेवाईक चिडायचे, "दुखतंय तरी परत पाठवता?" त्यांना सांगायला शिकाऊ डॉक्टरला दहा मिनिटं लागतात आणि भरती करायला दोन. अडचण तिथे आहे.

दुसरं, कळा आणायच्या औषधांचं. इथे मला माझं मत थोडं गिळावं लागलं. मला वाटायचं, कळा आणल्या की सिझर वाढतं, बस्स. २०१८ मध्ये ६,१०० हून अधिक पहिलटकरणींवर झालेल्या अमेरिकी चाचणीत ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात सिझर १८.६ टक्के आणि वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के निघालं. उलटंच. मग आमच्याकडे दुसऱ्या गटात इतकं का? कारण आमचं औषध चालू करणं आणि धीर सोडणं यांत फार अंतर नव्हतं. पिशवीचं तोंड कच्चं आहे की पिकलेलं, याचे गुण मांडायची बिशप यांची पद्धत १९६४ पासून आहे. आमच्या फायलींत त्याचा रकाना कोराच. आणि कळा आणणं 'फसलं' म्हणण्याआधी पाणी गेल्यावर निदान १२ ते १८ तास ड्रिप चालवावी असं म्हणतात. आमच्याकडे सकाळी सुरू केलेलं संध्याकाळी फसायचं. आता बिशपचे गुण लिहिल्याशिवाय सिस्टर गोळी देत नाहीत. सरळ म्हणतात, "आकडा सांगा मॅडम, मग देते."

तिसरी गोष्ट यंत्राची. आमच्याकडे प्रत्येक बाईच्या पोटाला भरती होताच ठोक्यांचा पट्टा बांधला जायचा आणि कागदाची पट्टी सरसर बाहेर यायची. धोका नसलेल्या बाईला त्याची गरज नाही. दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि शेवटी जोर करताना दर पाच मिनिटांनी, हातातल्या यंत्रानं ठोके ऐकणं पुरतं. सतत पट्टीवर ठेवल्यानं बाळांना येणारे झटके निम्मे होतात हे खरं, आणि ते मी लपवणार नाही, पण ते मुळातच फार क्वचित येतात. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) कमी होत नाही, मृत्यू कमी होत नाहीत, सिझर मात्र वाढतात. कारण पट्टीवरची प्रत्येक घसरण बघणाऱ्याला घाबरवते आणि घाबरलेल्याला एकच उपाय ठाऊक असतो. पट्टे काढले तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ मी झाले. कागद हातात असला की उद्या कुणी जाब विचारला तर दाखवायला काहीतरी असतं. आपली भीती आपण त्या बाईच्या पोटाला बांधतो.

सोबतीच्या माणसाचं काम सोपं वाटलं होतं, ते सगळ्यात रखडलं. कळांच्या वेळी सतत कुणीतरी जवळ असलं तर सिझर कमी होतात. २६ चाचण्या, १५,००० हून जास्त बायका, सुमारे एक चतुर्थांश कमी. औषध असतं तर कंपन्यांनी डोक्यावर घेतलं असतं. आमच्या लेबर रूममध्ये मात्र खाटांच्या मध्ये पडदे नव्हते. एकीचा नवरा आत आला तर दुसरी उघडी. पडद्यांचे रॉड बसायला सात महिने लागले. सात महिने, पडद्यासाठी.

दुसरं मत ही माझी आवडती गोष्ट. तातडीचं नसेल तर सिझरच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारायचंच. लॅटिन अमेरिकेतल्या ३४ हॉस्पिटलांत यावर चाचणी झाली, २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. सिझर सुमारे ७ टक्क्यांनी घटली. म्हणजे शंभरातली सात सिझर, प्रमाण सात अंकांनी नव्हे. थोडंच. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये ३२ हॉस्पिटलांत सिझरच्या निर्णयांची तपासणी आणि त्यावर चर्चा असा मोठा प्रयोग झाला तिथेही २२.५ चं २१.८ झालं, तर काही न करणाऱ्यांचं २३.२ चं २३.५. एवढ्यासाठी एवढी उठाठेव? मला आधी तसंच वाटलं. पण दुसऱ्याला फोन करायचा म्हटलं की आधी स्वतःला वाक्य जुळवावं लागतं. 'प्रगती नाही' हे फोनवर म्हणता येत नाही. पलीकडचा विचारतो, किती सेंटिमीटर? किती तास? पाणी गेलंय? अर्धी कारणं नंबर फिरवतानाच गळतात.

आणि आता न जमलेलं. मधे प्रशासनानं पहिल्या गटासाठी एक लक्ष्य ठरवलं आणि महिन्याच्या शेवटी जो तो आकडे बघायला लागला. त्याच महिन्यात एका रात्री पट्टीवर ठोके खरोखर बिघडलेले असताना निर्णय लांबला. लांबवणारे डॉक्टर वाईट नाहीत, माझ्यापेक्षा हुशार आहेत. त्यांच्या डोक्यात आकडा होता. बाळ चार दिवस नवजात विभागात राहिलं आणि सुखरूप घरी गेलं. पण त्या चार दिवसांत मी आणि सिस्टर एकमेकींशी धड बोललो नाही, कारण हे खूळ आमचंच होतं. पुढच्या मीटिंगमध्ये लक्ष्य काढून टाकलं. तेव्हापासून सिझरच्या आकड्याशेजारी त्याच कागदावर नवजात विभागात गेलेली महिने भरलेली बाळं, मोठा रक्तस्राव आणि मोठी फाटलेली जखम यांचेही आकडे येतात. कॅलिफोर्नियात २०१४ ते २०१९ मध्ये असंच दोन्ही डोळे उघडे ठेवून काम झालं. पहिलटकरीण, महिने भरलेली, एक बाळ, डोकं खाली, या बायकांतलं प्रमाण २६ वरून २२.८ वर आलं आणि बाळांना त्याची झळ लागली नाही. म्हणजे होतं. पण एका डोळ्यानं नाही.

जी बाई स्वतःहून सिझर मागते तिच्यावर मी इथे फार लिहीत नाही. तिला नाही म्हणणं हे माझं काम नाही. बहुतेकदा मागणीच्या खाली भीती असते, ती आधी ऐकायची. एकदा एकीनं तासभर बोलल्यावर सांगितलं, तिच्या बहिणीला लेबर रूममध्ये कुणीतरी मारलं होतं. त्यानंतरही तिनं सिझरच मागितलं आणि मी केलं. त्या सिझरचं मला ओझं नाही. त्या थपडेचं आहे.

पाचव्या गटात आम्ही अजून चाचपडतोय. 'एकदा सिझर, नेहमी सिझर' हे वाक्य १९१६ सालचं, एडविन क्रेगिन यांचं. तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत, तो पुढच्या कळांत फाटायची धास्ती मोठी होती. आणि क्रेगिन यांना सुचवायचं होतं ते हे, की म्हणून पहिलं सिझर जपून करा. आपण अर्ध वाक्य पाठ केलं. आज छेद खाली आणि आडवा असतो. अशा बायकांनी कळा घेऊन पाहिल्या तर १०० पैकी ६० ते ८० जणी खालून बाळंत होतात, आणि पिशवी फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. ही दोनशेतली एक मी प्रत्येकीला सांगते, कुजबुजून नाही. रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी नसेल तर मी 'चला, प्रयत्न करू' म्हणत नाही. तेवढं बळ आमच्याकडे आठवड्यातले सगळे दिवस नसतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. पहिलटकरीण, सोबत तिची आई, पडद्याआड. पहाटे पाच सेंटिमीटर, ठोके उत्तम, ती वैतागलेली, मी तिच्याहून वैतागलेली. मी सिझर म्हणाले. नियमाप्रमाणे दुसरं मत हवं, वरिष्ठ कुणी फोन उचलेना, म्हणून सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या डॉक्टर मुलीला बोलावलं. तिनं फाईल वाचली, तपासलं, हातमोजे काढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, पाचच आहे अजून. दोनच तास झालेत."

सिस्टर पलीकडे ड्रिपची बाटली बदलत होत्या. त्यांचा हात थांबला.

मी म्हणाले, "बरं." त्या बाईला कुशीवर वळवलं, तिच्या आईला कंबर कशी दाबायची ते दाखवलं आणि बाहेर जाऊन बसले. साडेनऊला ती सात झाली. मग दीड वाजेपर्यंत सातच. कळा चांगल्या, पाणी कधीच गेलेलं, डोकं वरच अडलेलं, तिरकं. त्या मुलीनं पुन्हा तपासलं आणि या वेळी माझ्याकडे बघितलं. आम्ही सिझर केलं. बाळ लगेच रडलं.

रजिस्टरची पानं आता बदलली आहेत, कारणाचा रकाना चार बोटं रुंद केलाय. सिस्टरांनी पेन पुढे केलं. मी लिहिलं: गट १, ७ सेंटिमीटर, पाणी गेलेलं, चांगल्या कळा, चार तास बदल नाही, डोकं तिरकं. शेजारी दुसऱ्या मताच्या रकान्यात त्या मुलीनं सही केली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे.